अदृश्य जखमेची शुश्रूषा

दिल्लीच्या रिंग रोडवरून जाताना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या ट्रॉमा सेंटरची पाटी दृष्टीस पडते. रस्त्यावरील अपघात, उंचावरून पडणे, यंत्रात हात सापडणे अशा कारणांनी जायबंदी झालेली माणसे तेथे रात्रंदिवस आणली जातात. 'ट्रॉमा' हा शब्द त्यामुळे राजधानीतील रिक्षावाल्यालाही परका राहिलेला नाही. हाड मोडणे किंवा डोके फुटणे असा त्याचा अर्थ तो लावतो, आणि तो चुकीचाही नाही. मूळ ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ जखम एवढाच आहे. मात्र गेल्या दीडशे वर्षांत वैद्यकाने ह्याच शब्दाला आणखी एक अर्थ दिला. जिवावर बेतलेल्या किंवा माणसाला सर्वस्वी हतबल करणाऱ्या प्रसंगाने मनावर व मज्जासंस्थेवर जो व्रण राहतो, तोही आता ट्रॉमाच होय. पहिल्या जखमेवर टाके घालता येतात. दुसरी क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही, आणि तिच्यावर पुन्हा घाव बसण्याचा धोका जेथे फार मोठा असतो अशा स्थळांपैकी एक म्हणजे रुग्णालय होय.

हे विधान वाचकाला विचित्र वाटेल. ज्या घरात माणूस बरे होण्यासाठी जातो तेथेच त्याची जखम कशी उघडी पडावी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातूनच परिचर्येची एक नवी दृष्टी उदयास आली. मराठीत तिला आपण 'आघातसजग शुश्रूषा' म्हणू. 'आघात' हा शब्द ट्रॉमाची जागा पुरी भरून काढतो असे मला वाटत नाही, कारण आघात हा घावाचा क्षण आहे आणि ट्रॉमा हा त्या क्षणानंतर मागे राहिलेला व्रण आहे. पण अनुवादकाला कोठेतरी थांबावे लागते. 'शुश्रूषा' ह्या शब्दाविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही. संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि 'शुश्रूषा' म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करी, म्हणून त्या शब्दाला सेवेचा अर्थ आला, आणि पुढे रुग्णसेवेचा. मूळ अर्थ शब्दाच्या पोटात राहिला व विसरला गेला. आपल्या विषयाचा गाभा तोच आहे.

एक प्रसंग कल्पू या. पस्तिशीची एक बाई मनगट मोडले म्हणून एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या शल्यविभागात दाखल झाली आहे. दिवसभर ती शांत पडून असते, विचारले तेवढ्यालाच उत्तर देते. पहाटे तीनच्या सुमारास परिचारिका रक्तदाब मोजण्यासाठी येते. शेजारच्या रुग्णांची झोप मोडू नये म्हणून ती दिवा लावत नाही, हाक मारीत नाही. मागच्या बाजूने येऊन चांगल्या दंडाला पट्टा गुंडाळते आणि हवा भरू लागते. पट्टा आवळताच बाई किंचाळून उठते, परिचारिकेला ढकलते, ट्रे खाली पडतो. सारा वॉर्ड जागा होतो. सकाळी नोंदवहीत लिहिले जाते : 'रुग्ण सहकार्य करीत नाही.'

परिचारिकेने काही वाईट केले का? तिच्या शिकवणीप्रमाणे तिने सर्व नीट केले; शेजाऱ्यांची झोपही सांभाळली. तिला एवढेच ठाऊक नव्हते की ह्या बाईचा दंड पूर्वी अंधारात कोणीतरी असाच आवळून धरला होता, आणि मनगटही जिन्यावरून पडून मोडलेले नव्हते.

आता त्या बाईच्या शरीरात काय घडले ते पाहू. मेंदूच्या खोलात, दोन्ही बाजूंस, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. त्यास अमिग्डला म्हणतात. धोका ओळखणे हे त्याचे एक मुख्य काम. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत पोचून त्याचा अर्थ लागेपर्यंत काही काळ जातो. अमिग्डला तेवढा वेळ थांबत नाही. तिने इशारा दिला की अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते, हृदय धडधडू लागते, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. सापाऐवजी दोरी निघाली तर माणूस हसतो आणि शरीर पूर्वपदावर येते. ही व्यवस्था उपकारकच आहे. ती नसती तर आपले पूर्वज जगलेच नसते.

परंतु जो प्रसंग माणसाच्या सोसण्यापलीकडे जातो, त्याची स्मृती नेहमीच्या रीतीने साठवली जात नाही. हिपोकॅम्पस नावाचा मेंदूचा दुसरा भाग आठवणींना स्थळाचा व काळाचा शिक्का मारतो : 'हे अमुक गावी, अमुक वर्षी घडले आणि संपले.' अतिशय भीतीच्या अवस्थेत हे शिक्का मारण्याचे काम विसकळीत होते. मग मागे राहतात ते तुटक तुकडे : एक वास, दाराच्या कडीचा आवाज, त्वचेवरचा दाब. त्यांवर काळाचा शिक्का नसल्यामुळे असा एखादा तुकडा पुढे कधी समोर आला की शरीराला तो प्रसंग आठवत नाही, तो पुन्हा घडतो. त्या बाईने परिचारिकेला ढकलले नाही. तिने ज्याला ढकलले तो त्या खोलीत नव्हता.

प्रत्येक जण किंचाळतोच असेही नाही. लढणे आणि पळणे ह्यांखेरीज शरीराजवळ तिसरी एक युक्ती असते, ती म्हणजे गोठून जाणे. मांजराच्या तोंडात सापडलेला उंदीर कधीकधी निपचित पडतो. माणसाचेही तसे होते. असा रुग्ण सुई टोचताना हूं की चूं करीत नाही, सांगाल तिकडे वळतो, आणि त्याच्या नावापुढे 'सहकार्य करणारा' अशी नोंद पडते. अनुभवी परिचारिकेलाही येथे फसगत होण्याचा संभव असतो. संमती आणि गोठलेपण बाहेरून सारखीच दिसतात.

ह्या ज्ञानाचा इतिहास थोडक्यात सांगतो. लंडनचे शल्यचिकित्सक एरिकसन ह्यांनी १८६६ साली आगगाडीच्या अपघातांतून बचावलेल्या, हाडे शाबूत असूनही खंगत जाणाऱ्या प्रवाशांविषयी ग्रंथ लिहिला. दोष पाठीच्या कण्यात असावा अशी त्यांची समजूत होती. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, मायर्स ह्यांनी खंदकांतून परतलेल्या थरथरत्या सैनिकांच्या व्याधीचे वर्णन 'शेल शॉक' ह्या नावाने वैद्यकीय नियतकालिकात केले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ह्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळण्यास १९८० साल उजाडले. त्यानंतर १९९८ साली फेलिटी, अँडा व त्यांचे सहकारी ह्यांनी सॅन दिएगो येथील साडेनऊ हजार प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. हे लोक सर्वसाधारण तपासणीसाठी आलेले होते; तरीही त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांनी बालपणी मारहाण, अत्याचार, घरातील हिंसा किंवा तत्सम एखादा तरी अनुभव घेतल्याचे सांगितले. अशा अनुभवांची संख्या जसजशी वाढते तसतशी प्रौढपणी मद्यासक्ती, औदासीन्य, आत्महत्येचा प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकारही अधिक आढळतो असे त्यांना दिसले. ह्यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघाला. अशी माणसे मनोरुग्णालयातच असतात असे नाही. ती अस्थिविभागात, प्रसूतिगृहात, दातांच्या दवाखान्यातही असतात, आणि कोण तसा आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. तेव्हा प्रत्येक रुग्णाशीच असे वागावे की जखम असल्यास ती उघडी पडू नये. मॅक्सिन हॅरिस व रॉजर फॅलट ह्यांनी २००१ साली हा विचार सेवासंस्थांच्या रचनेला लागू केला, आणि आपल्या विषयाचे इंग्रजी नाव रूढ झाले. क्षयरुग्णांच्या बाबतीत आपण जे शिकलो तेच हे आहे : कोणाच्या थुंकीत जंतू आहेत हे ठाऊक नसते, म्हणून नियम सर्वांनाच.

दिल्लीला ह्या विषयाची परदेशातून ओळख करून घेण्याचे वास्तविक कारण नव्हते. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतांतून आलेले सुमारे पाच लाख निर्वासित ह्या शहरात स्थायिक झाले. किंग्जवे कॅम्पमध्ये हिंदू व शीख निर्वासित होते. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे दिल्लीतूनच उखडलेले मुसलमान आश्रयाला आले होते. छावण्यांत लस, दूध, रजया आणि तंबू ह्यांसाठीच धावपळ चाले, व ती आवश्यकच होती. अनिस किडवाई ह्यांचे पती मसुरी येथे त्याच दंगलींत मारले गेले होते. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या दिल्लीच्या छावण्यांत काम करू लागल्या, आणि त्यांनी पुढे लिहिलेल्या उर्दू आठवणी आज मोलाचा दस्तऐवज मानल्या जातात. पुढे भारताच्या आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर ह्यांनीही निर्वासितांमध्ये वैद्यकीय सेवा केली. त्या वेळी हाताशी शास्त्र नव्हते. होती ती माणुसकी. पळवून नेलेल्या व परत आणलेल्या स्त्रियांविषयी तर एकंदर समाजानेच मौन पत्करले. त्यांच्यापैकी कित्येकींनी पन्नास वर्षे तोंड उघडले नाही, आणि १९९० नंतर अभ्यासकांनी विचारले तेव्हा कोठे काही बोलल्या. त्या मधल्या काळात त्यांनी मुले जन्माला घातली, दुखणी काढली, रुग्णालयांत खाटांवर झोपल्या. त्यांचा रक्तदाब कोणीतरी मोजलाच असेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वाचकांपैकी काही जणी उद्या परिचारिका होतील, आणि बाकीचे आपण सारे केव्हा ना केव्हा रुग्ण किंवा रुग्णाचे नातेवाईक होणारच आहोत.

पहिली गोष्ट स्पर्शापूर्वीची. खाटेच्या समोरून यावे, आपले नाव सांगावे आणि काय करणार ते आधी सांगावे. "माताजी, मी रात्रीची सिस्टर. तुमचं ब्लडप्रेशर घ्यायचं आहे. पट्टा थोडा आवळेल, मग आपोआप सैल होईल. कुठल्या हाताला लावू?" ह्या वाक्यांना अर्धे मिनिटही लागत नाही. पण त्यात तीन गोष्टी साधल्या : येणाऱ्या संवेदनेची पूर्वसूचना मिळाली, तिचा शेवट ठरलेला आहे हे कळले, आणि निवड करण्याचा अधिकार रुग्णाकडे आला. आघाताच्या क्षणी माणसाकडून नेमके हेच हिरावले गेलेले असते. म्हणून 'कुठल्या हाताला' हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसला तरी तो उपचाराचा भाग आहे. एक हात मोडलेला असेल तर निवड हाताची नसून वेळेची असू शकते : 'आता घेऊ की पाच मिनिटांनी?' जेथे खरोखर निवड नाही तेथे मात्र खोटी निवड देऊ नये. इंजेक्शन द्यायचेच असेल तर 'देऊ का?' असे विचारून नकार आल्यावर ते टोचणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट थांबण्याची. ड्रेसिंग बदलताना, विशेषतः भाजलेल्या रुग्णाचे, वेदना टळत नाही. सफदरजंग रुग्णालयासारख्या ठिकाणी, जेथे भाजलेल्यांचा फार मोठा विभाग आहे, हे काम रोज सकाळी चालते. रुग्णाशी आधीच खूण ठरवावी : बोट वर केले की हात थांबेल. शिकाऊ परिचारिकांना भीती वाटते की मग रुग्ण सारखेच बोट वर करील. परंतु खूण खरोखर पाळली जाते असा विश्वास बसला की तिचा उपयोग कमीच करावा लागतो. थांबवता येते एवढे कळल्यानेच बरीच भीती उतरते.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. 'असं का केलंस?', 'आधी का नाही आलीस?' ह्या प्रश्नांत विचारणाऱ्याच्या मनात नसला तरी दोषारोप असतोच. 'तुम्हाला काय झालं ते सांगावंसं वाटलं तर मी ऐकते. नाही सांगितलं तरी उपचार होतील' असे म्हणणे बरे. मात्र कहाणी काढून घेणे हे परिचारिकेचे काम नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खपली कुरतडल्याने जखम भरत नाही. किती ऐकायचे हे सांगणाऱ्याने ठरवावे. आणि ऐकण्याची इच्छा असणे ही ऐकण्याच्या उत्सुकतेहून वेगळी गोष्ट आहे.

आणि समजा, सर्व काळजी घेऊनही रुग्णाचे शरीर त्या जुन्या प्रसंगात गेलेच, तर? तेव्हा धरून ठेवू नये, भोवती माणसे गोळा होऊ देऊ नयेत, आवाज चढवू नये. 'तुम्ही आत्ता रुग्णालयात आहात, मी सिस्टर आहे, आज मंगळवार आहे, पहाट होत आली आहे' असे सावकाश सांगावे. पाय जमिनीला टेकवायला सांगावे, हातात पाण्याचा थंड पेला द्यावा, खोलीतील पाच वस्तू मोजायला सांगाव्या. हा पोरखेळ वाटेल. पण हिपोकॅम्पसने न मारलेला स्थळकाळाचा शिक्का ती ह्या रीतीने बाहेरून मारीत असते. हात बांधणे हा मार्ग तर अगदीच शेवटचा. मनोरुग्णालयांपुरते बोलायचे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्यास दुसरा उपायच नसेल तेव्हाच, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या अनुज्ञेने, बांधण्याची मुभा ठेवली आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दिल्लीच्या सरकारी रुग्णालयांत एका खाटेवर दोन रुग्ण असल्याचे दृश्य अपूर्वाईचे नाही; परिचारिका केरळची, रुग्ण बुंदेलखंडातला, नातेवाईक जमिनीवर, आणि रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे दोन जणी. तेथे पडदे कोठून आणायचे? पडद्यांना पैसे लागतात हे खरे. पण समोरून येण्यास व नाव सांगण्यास लागत नाहीत. मनुष्यबळाची टंचाई हे आघातसजगतेला नकार देण्याचे कारण होऊ शकत नाही. ती टंचाई मात्र स्वतंत्रपणे दूर केलीच पाहिजे, आणि ती परिचारिकांच्या सौजन्याने भरून काढावी असे कोणी सुचवीत असेल तर तो अन्याय आहे. शास्त्रीय प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की ह्या पद्धतीने रुग्ण किती लवकर बरे होतात ह्याविषयीचे पुरावे अद्याप विस्कळीत आहेत. निरनिराळ्या रुग्णालयांनी ह्या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी केल्यामुळे तुलना अवघड जाते. न बोलता दंड आवळण्याच्या बाजूनेही कोणता पुरावा नाही, हे त्याबरोबर लक्षात घ्यावे.

भारतात ह्या विचाराला कायद्याचे बळ मिळाले ते एका भयंकर घटनेनंतर, आणि ती दिल्लीतच घडली. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री फिजिओथेरपीच्या एका तरुण विद्यार्थिनीवर चालत्या बसमध्ये अत्याचार झाला. सफदरजंग रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले, पुढे तिला सिंगापूरला नेण्यात आले, आणि २९ डिसेंबरला तेथे तिचे निधन झाले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, लीला सेठ व गोपाल सुब्रमण्यम् ह्यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. त्याच वर्षीच्या कायद्याने सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे बंधनकारक केले. हे कलम आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पोलिसांत तक्रार करायची नसली तरी उपचार मिळतील. तपासणीच्या प्रत्येक टप्प्यासाठी संमती घ्यावी, आणि एखादा टप्पा नाकारण्याचा अधिकार आहे हे आधी सांगावे. तपासणीच्या खोलीत पोलीस नसावेत. विश्वासाची व्यक्ती जवळ बसू शकेल. पूर्वी प्रचारात असलेली एक अपमानास्पद व निरर्थक तपासणी बंद करावी. सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली निषिद्ध ठरवली. एकदा सांगून ती गेली नाही, ह्यावरून सवय कायद्याहून किती चिवट असते ते दिसते.

त्या सूचना वाचताना ध्यानात येते की त्यांतील बरेचसे काम परिचारिकेच्या हातचे आहे. डॉक्टर येतो, तपासतो, जातो. थांबते ती सिस्टर. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' ह्या संशोधनसंस्थेने २००० साली 'दिलासा' हे केंद्र उघडले तेव्हा ह्याच जाणिवेने परिचारिकांना प्रशिक्षण देण्यात आले. वारंवार 'पडून' येणाऱ्या, विषारी औषध 'चुकून' पिणाऱ्या स्त्रिया प्रथम त्यांच्याच नजरेस पडत. ह्या धर्तीवर पुढे इतर राज्यांत केंद्रे निघाली. गुरुग्राम व फरीदाबाद हे राजधानी परिसरातील जिल्हे ज्या राज्यात आहेत त्या हरियाणात त्यांना 'सुकून' असे नाव मिळाले. २०२१ साली भारतीय परिचर्या परिषदेने पदवीचा अभ्यासक्रम बदलला, त्यात न्यायवैद्यक परिचर्येची ओळखही आली.

परंतु शास्त्राला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी परिचारिकांनी हे काम करून दाखवल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. अरुणा शानभाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची मुलगी; मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची परस्वाधीन झाली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिची शुश्रूषा तिच्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. आरंभी तिला सांभाळणाऱ्या निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर आल्या त्यांपैकी कित्येक १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या.

दयामरणासंबंधीचा तिचा खटला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि ७ मार्च २०११ रोजी त्याचा निकाल लागला. त्या निकालपत्राची चर्चा कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाली. मी ते वाचले ते वेगळ्या कुतूहलाने. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला पाहून अहवाल दिला होता. खोलीत पुष्कळ माणसे झाली की ती अस्वस्थ होते, ओरडते. माणसे कमी असली की शांत राहते, असे त्यांना आढळले. खोलीत भक्तिगीते लावलेली असत. ती बोलू शकत नव्हती, तरी तिला काय आवडते आणि काय नाही हे परिचारिका तिच्या आवाजावरून ओळखत. २०१० साली हिवताप होईपर्यंत तिला तोंडानेच अन्न भरवले जाई. नळी त्यानंतर आली. आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हता. ज्यांनी घरी लकवा झालेल्या वडीलधाऱ्यांची सेवा केली आहे त्यांना ह्या शेवटच्या वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीची सुरकुती काढणे, त्वचा कोरडी ठेवणे. हे एकदा नव्हे, दीड लाखाहून अधिक वेळा.

तिच्या मनात काय उरले होते हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि डॉक्टरांनीही तसा दावा केला नाही. ती गर्दीला घाबरते की नुसती गोंगाटाने त्रासते, हेही ठरवता येत नव्हते. तरी परिचारिकांनी ते ठरेपर्यंत वाट पाहिली नाही. गर्दी तिला सोसत नाही एवढे त्यांना कळले, आणि तेवढ्यावरून त्यांनी तिची खोली शांत ठेवली.

हल्ला एका परिचारिकेवर, तिच्याच रुग्णालयात झाला होता, हे विसरता येत नाही. जी जखमांजवळ रोज बसते तिलाही जखम होते : कधी अशी थेट, आणि अधिक वेळा पाहून, ऐकून. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीत प्राणवायू अपुरा पडला, तेव्हा वॉर्डात उभ्या असलेल्या परिचारिकांना जे पाहावे लागले ते पुढे स्वप्नांत आले नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्या रुग्णालयात रात्रपाळीनंतर दोन शब्द बोलायला जागा नाही, सुरक्षित विश्रांतीची खोली नाही, तेथे परिचारिकेकडून आघातसजगतेची अपेक्षा करणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ह्या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रुग्णांप्रमाणेच परिचारिकांनाही खुला आहे.

शेवटी पाळी बदलतानाची एक बारीकशी गोष्ट. सकाळची परिचारिका येते तेव्हा रात्रीची तिला प्रत्येक खाटेजवळ नेऊन माहिती देते. त्या मनगट मोडलेल्या बाईने पहाटे काही सांगितले असेल, तर ते सर्वांदेखत पुन्हा उच्चारू नये, आणि तिलाही पुन्हा सांगायला लावू नये. एकच कहाणी दाखल करणाऱ्या लेखनिकाला, डॉक्टरला, शिकाऊ विद्यार्थ्यांना, पोलिसाला असे पाच वेळा सांगावे लागणे हीच अनेकींच्या बाबतीत दुसरी जखम ठरते. परिचर्येच्या दृष्टीने पुढच्या पाळीला कहाणीची गरज नसते. नोंदवहीत 'सहकार्य करीत नाही' ह्याऐवजी एवढेच लिहिले तरी पुरते : 'खाट क्र. १४. आधी हाक मारावी, समोरून यावे. रात्री लहान दिवा चालू ठेवावा. रक्तदाबाचा पट्टा स्वतः धरू देतात.'